राशोलची फिर्गज आणि ख्रिस्तपुराणाचा पाठ

गोव्यांत एका विगाराच्या देखरेखीखालीं असलेलें चर्च व त्याच्या हद्दींतील लोक यांस मिळून फिर्गज म्हणतात. वसईकडील ख्रिस्ती बांधव तिलाच धर्मग्राम म्हणतात. अशा फिर्गजींचे इतिहास वेळोवेळीं लिहिले गेले आहेत, व ते बहुधा एकाच सांच्यांतून निघालेले दिसतात. आरंभीं चर्चच्या स्थापनेचें वर्ष, मग इमारत किती वेळां पडली व पुनः बांधली याची हकीकत, त्यानंतर विगारांची नामावळि, शेवटीं फेस्ताचें वर्णन. ही सामग्री निरुपयोगी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु या चर्चांतून लोकांस वाचून काय दाखवीत, तें कोणत्या भाषेंत वाचीत, व ती पोथी पुढें कोठें गेली, हे प्रश्न त्यांत बहुधा विचारलेच जात नाहींत. दगडांचा हिशेब लागतो. पोथीचा लागत नाहीं. पोथ्या जमविणें व त्यांचा पाठ तपासणें हेंच ज्यांचें काम, त्यांनीं तरी ही उणीव भरून काढावी असें आम्हांस वाटतें.

या दृष्टीनें सासष्टींतील राशोलच्या फिर्गजीकडे व त्या परिसरांत ज्यानें जवळजवळ चार दशकें घालविलीं त्या पाद्री थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाकडे पाहावयाचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. या ग्रंथाच्या पाठाविषयीं शंभर वर्षांपूर्वीं एक वाद निघाला. त्या वादांत दोन निराळे प्रश्न एकांत एक मिसळले गेले. आणि ग्रंथकर्त्याला केवळ कवि मानून त्याचें विगारपण दृष्टीआड केल्यामुळें निर्णयाची उत्तम कसोटी हातची सुटली, असें आमचें मत आहे. तें आम्ही क्रमानें मांडतों.

१

राशोलला स्थानिक लोक रायतूर म्हणतात. जुवारी नदीच्या कांठचें हें लहानसें दुर्गस्थान. १५२० मध्यें विजयनगरच्या कृष्णदेवरायानें तें आदिलशाहीकडून घेऊन पोर्तुगीजांच्या हवालीं केलें. पुढें १५४३ मध्यें सासष्टी व बारदेश हे दोन्ही महाल पोर्तुगीजांकडे कायमचे आले. येथें वाचकांनीं एक खूणगांठ बांधावी. ही सासष्टी गोव्याची. मुंबईजवळची साष्टी ती नव्हे. दोन्ही ठिकाणीं पोर्तुगीज व पाद्री असल्यानें जुन्या कागदांत हा घोटाळा पदोपदीं होतो.

धर्मप्रसाराच्या कामीं बारदेश फ्रान्सिस्कन पंथाकडे व सासष्टी जेझुइटांकडे सोपविली होती. राशोलचें हिमाच्या मातेचें चर्च हें सासष्टींतील चर्चांचें मूळपीठ मानतात. १५६७ मध्यें राशोलचा किल्लेदार दियोगु रोद्रिगिश याच्या हुकुमतींत सासष्टींतील देवळें पाडलीं व जाळलीं गेलीं. फिर्गजीचा इतिहास लिहितांना ही गोष्ट गाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या गांवांत देऊळ, सभामंडप व पुराणिक हे तिन्ही एकदम नाहींसे झाले, त्या गांवांत चर्च उभें राहिलें. पुढें या फिर्गजींत जें वाचन सुरू झालें त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवांचून लागत नाहीं.

१५८३ मध्यें कुंकळ्ळीस रुदोल्फु आक्वाव्हीवा व त्याचे चार जेझुइट सोबती ग्रामस्थांच्या हातून मारले गेले. त्यांचीं प्रेतें मिळवून राशोलच्या चर्चांत पुरण्यांत आलीं. तीं मिळविण्याच्या कामांत स्टीफन्स होता. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गांवकर्‍यांस बोलणें करण्याच्या मिषानें आसोळण्याच्या कोटांत बोलावून ठार करण्यांत आलें. दोन्हीं बाजूंचें रक्त ताजें असतांना ज्या माणसानें तेथें पाऊल रोंविलें, त्यानेंच पुढें तीस वर्षांनीं त्या लोकांच्या भाषेंत पुराण सांगितलें.

१६०६ च्या १ नोव्हेंबरास राशोल येथें सर्वसंतांच्या नांवें पाठशाळेची कोनशिला बसली. पुढें ती लोयोलाच्या इग्नातियसच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. याच ठिकाणीं छापखाना चालला. ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें, ब्राह्मणी म्हणजे कोंकणी बोलींतील दोत्रीन १६२२ मध्यें व कोंकणीचें व्याकरण १६४० मध्यें येथूनच बाहेर पडलें. शेवटचीं दोन पुस्तकें ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतरचीं होत. व्याकरणावर दियोगु रिबैरु या दुसर्‍या पाद्रीनें भर घालून तें छापविलें. १७५९ मध्यें पोर्तुगीज सरकारनें जेझुइटांस हद्दपार केलें, तेव्हां पाठशाळेचें छत्र बदललें. १७६२ पासून ती गोव्याच्या धर्मप्रांताची सेमिनारी झाली.

२

स्टीफन्स हा विल्टशरमधील बुश्टनचा इंग्रज. जन्म १५४९ च्या सुमाराचा. १५७५ मध्यें रोम येथें तो जेझुइट पंथांत शिरला आणि १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला. १५८३ मध्यें रॅल्फ फिच व त्याचे सोबती इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगांत पडले असतां त्यांस सोडविण्याच्या कामीं त्यानें खटपट केली, म्हणून इंग्रजी इतिहासकार त्याची आठवण ठेवतात. त्याच वर्षीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें या देशांतील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्याशीं मिळतीजुळती असल्याचें नमूद केलें, म्हणून भाषाशास्त्रज्ञ त्याचें नांव घेतात. सर विल्यम जोन्सचें सुप्रसिद्ध व्याख्यान याच्यानंतर दोन शतकांनीं, १७८६ मध्यें झालें. आणि आम्ही मराठी लोक ? आम्ही त्याच्या मराठी-स्तुतीच्या चार ओंव्या पाठ करतों, सभासंमेलनांतून म्हणतों, व तेवढ्यावर त्याची बोळवण करतों. सुमारें अकरा हजार ओंव्यांच्या ग्रंथापैकीं चार ओंव्या म्हणून दाखविणें हें त्या ग्रंथाचें वाचन नव्हे.

हा मनुष्य प्रथम विगार होता, मग ग्रंथकार. १६१९ मध्यें गोव्यास मृत्यु येईपर्यंत त्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ सासष्टींतील चर्चें व तेथील पाठशाळा यांतच गेला. मुलांस प्रश्नोत्तररूपानें धर्म शिकविणें, पापनिवेदन ऐकणें, बाप्तिस्मा व लग्नें लावणें, मरणार्‍याच्या उशाशीं बसणें, हें त्याचें नित्यकर्म. या कर्माला जेवढी भाषा लागते तेवढी तो प्रथम शिकला. आणि तिच्याहून अधिक कोठें लागते हेंही त्याला या कर्मांतूनच कळलें.

याचा पुरावा ग्रंथांतच आहे. पुराणाच्या पहिल्या अवस्वरांत सासष्टींतील एका चर्चांत मुलांची दोत्रीन चालली असतां नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्री-गुरूस विनंती करतो. तिचा भावार्थ असा, कीं ही शिकवण चांगली आहे. परंतु आमच्या वाडवडिलांस काल घालविण्यास व चित्त रमविण्यास जशीं पुराणें होतीं तशीं आम्हांस कांहीं नाहींत. तीं तुम्ही दिलींत तर जुन्यांची आठवण कोणी काढणार नाहीं. कांहीं टीकाकार हा प्रसंग केवळ काव्याचा उपोद्‌घात मानतात. श्रोत्यानें विचारावें व वक्त्यानें सांगावें ही आमच्या पुराणांची नेहमींची घाटणी आहे हें खरें. पण येथें नैमिषारण्य नाहीं; सासष्टींतलें चर्च आहे, ओळीनें बसलेलीं मुलें आहेत, व ज्याच्या घरच्या पोथ्या गेल्या तो मनुष्य आपली पोकळी बोलून दाखवीत आहे. ज्या सत्तेनें पुराणिक उठविला तिच्याच आश्रयाला असलेल्या विगारानें त्या जागीं पुराण सांगावें, यांतील विसंगति त्या ब्राह्मणाच्या तोंडून ग्रंथकर्त्यानेंच वाचकांपुढें ठेविली आहे. तिला झांकण्याची त्यास गरज वाटली नाहीं. आपणही तिला झांकूं नये. तसेंच, केवळ या विसंगतीमुळें ग्रंथाचा अव्हेर करण्याचेंही कारण नाहीं. पोकळी ओळखणें व ती भरण्यासाठीं परकी भाषा ओंवी रचण्याइतकी आत्मसात्‌ करणें, हें सामान्य विगाराचें काम नव्हे.

भाषेच्या निवडींतही विगाराचीच दृष्टि दिसते. दोत्रीन मुलांनीं पाठ करावयाची, म्हणून ती घरच्या बोलींत, कोंकणींत. पुराण मोठ्यांनीं बसून ऐकावयाचें, म्हणून तें मराठींत. कारण सासष्टींतील लोकांस ईश्वरविषयक ग्रंथ मराठींत ऐकण्याची संवय होती. तथापि शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांस कळत नाहीं, यास्तव जुन्या कवींचे कठीण शब्द सोडून ब्राह्मणी बोलींतील सोपे शब्द घातले, असा खुलासा त्यानें गद्य प्रस्तावनेंत स्वतःच केला आहे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून शब्द बदलणार्‍याचा हा खुलासा आहे. पाठाचा निर्णय करतांना तो विसरतां कामा नये.

३

आतां पाठाकडे वळूं. १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळां हा ग्रंथ छापला गेला, परंतु या तिहींपैकीं एकाही आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाहीं. जें कांहीं आहे तें हातानें उतरलेल्या प्रतींतून. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेनें सासष्टी व बारदेश यांवर स्वारी केली. आणि तिच्यानंतर कांहीं महिन्यांनींच, १६८४ च्या २७ जूनला, व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें फर्मान काढलें, कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी व विगारांनीं शिक्षण पोर्तुगीजांत द्यावें. भाषा फर्मानानें मरत नसते, हें गोव्याच्या इतिहासानें दाखविलें आहे. पण चर्चांतील पोथीचा राजाश्रय मात्र अशा फर्मानानें जातो.

पोथी वांचली ती दक्षिणेस गेलेल्या लोकांनीं. गोव्याहून कानड्यांत उतरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं ती बरोबर नेली व उतरून घेतली. १७८४ मध्यें टिपूनें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें, त्यांचीं चर्चें पाडलीं. १७९९ मध्यें टिपू पडल्यावर उरलेले लोक परत आले. एवढ्या उत्पातांतूनही रोमन लिपींतील प्रती शिल्लक राहिल्या, व त्यांपैकीं पांच प्रती जमवून जोसेफ एल्‌. साल्ढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें हा ग्रंथ रोमन लिपींतच छापविला. त्यांत मूळ आवृत्तीचीं अर्पणपत्रिका, धर्माधिकार्‍यांचे परवाने व गद्य प्रस्तावना हीं आलीं आहेत. हस्तलिखित प्रतींत छापील पुस्तकाचे परवाने उतरलेले असणें याचा अर्थ उघड आहे: या प्रतींची परंपरा छापील पुस्तकापर्यंत पोहोंचते. साल्ढाणांचे हे उपकार मोठे आहेत. त्यांनीं तो वेळेवर छापला नसता तर आज वादही उरला नसता.

दुसरी परंपरा नागरी लिपीची. विल्यम मार्सडेन या इंग्रज विद्वानानें जमविलेला हस्तलिखितांचा संग्रह १८३५ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजास दिला गेला, व तेथून तो तेथील प्राच्यविद्यांच्या शाळेंत आला. त्यांत आदिपुराण व देवपुराण या नांवांच्या दोन नागरी पोथ्या होत्या. मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून आपल्या परिचयाचे असलेले डॉक्टर जस्टिन अ‍ॅबट यांनीं त्या ओळखल्या, व स्टीफन्सच्या पुराणाचा मूळ नागरी पाठ हाच, असें त्या शाळेच्या पत्रिकेंतून प्रसिद्ध केलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द आहेत तेथें मार्सडेन प्रतींत बहुधा संस्कृत शब्द आढळतात. यावरून अ‍ॅबट यांचें अनुमान असें, कीं कवीनें लिहिलें तें या स्वरूपांत. छपाईच्या वेळीं रोमन पाठांत पोर्तुगीज शब्द शिरले.

४

अ‍ॅबटसाहेबांच्या शोधाचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यांच्या अनुमानांत दोन प्रश्न एक झाले आहेत. ग्रंथ मुळांत कोणत्या लिपींत लिहिला हा एक प्रश्न. व त्याच्या मूळ पाठांत कोणते शब्द होते हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसर्‍यास लागू पडत नाहीं.

लिपीविषयीं पुरावा आहे. १६०८ मध्यें स्टीफन्सनें रोम येथील आपल्या वरिष्ठास पत्र लिहिलें. मलबाराप्रमाणें येथेंही देशभाषेंत व देशाच्या लिपींत पुस्तकें छापावीं अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे, परंतु युरोपांतील चोवीस अक्षरांच्या जागीं येथें सहाशेंच्या वर मुद्रा पाडाव्या लागतील, ही अडचण त्यानें मांडली आहे. आमच्या जोडाक्षरांचा असा हिशेब करणारा मनुष्य नागरी उत्तम जाणत होता यांत संशय नाहीं. त्यानें पुराणाचा खर्डा नागरींत केला असेल असें कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाहीं. परंतु खर्डा नागरी होता एवढ्यावरून लंडनची नागरी प्रत ही त्या खर्ड्याची नक्कल ठरत नाहीं. आजचा लेखक मोडी कागद बाळबोधींत उतरतो, तेवढ्यानें त्याची नक्कल मूळ बाळबोधी होत नाहीं. तोच न्याय येथें.

शब्दांविषयीं पुढील विचार आम्हांस निर्णायक वाटतो. रोमन पाठाचा कर्ता संस्कृत शब्दांस भीत नाहीं. स्वर्गास तो खुशाल वैकुंठ म्हणतो. देवास परमेश्वर म्हणतो. कुमारी मारियेस अनकुवारी म्हणतो. ग्रंथासच पुराण म्हणतो. यांपैकीं वैकुंठ हा शब्द तर वैष्णवांच्या गाभार्‍यांतला. परधर्माचा वास येतो म्हणून छपाईच्या वेळीं संस्कृत शब्द काढून पोर्तुगीज घातले असते, तर पहिला बळी वैकुंठाचा पडला असता. तो पडला नाहीं. म्हणजे पोर्तुगीज शब्द कांटछाट करणार्‍याच्या भीतीनें आलेले नसून त्यांच्यामागें दुसरें कांहीं धोरण आहे.

तें धोरण कळण्यास कवीच्या लेखणीकडे पाहून उपयोग नाहीं. फिर्गजींत जाऊन बसावें लागतें. बाप्तिस्मा, सांक्रामेंत, स्पिरितु सांतु, इगर्ज हे शब्द सासष्टीच्या नवख्रिस्तीला पुस्तकांतून मिळाले नव्हते. त्याचें नांव बदललें त्या दिवशीं, त्याच्या पोराच्या डोक्यावर पाणी पडलें त्या दिवशीं, ते त्याच्या कानीं पडले होते. दोत्रिनींत त्यानें ते घोकले होते. तेच शब्द पुराणांत आले कीं ऐकणार्‍यास खूण पटे. ही कथा कोणत्या संस्काराची, हें त्यास सांगावें लागत नसे. वर्णन करावयाचें असेल तेथें वैकुंठ चालतें, कारण तेथें चित्त रमवावयाचें असतें. संस्काराचें नांव घ्यावयाचें असेल तेथें दुसरा शब्द चालत नाहीं, कारण तेथें विधि चुकतां कामा नये. आमच्या याज्ञिकाचीही हीच रीत. तो यजमानास कथा मराठींत सांगतो, पण संकल्प मराठींत सोडीत नाहीं. हा विगाराचा विवेक आहे. चारशें वर्षांनंतर आजही गोव्याच्या कोंकणींत इगर्ज, विगार, मीस, खुरीस हेच शब्द जिवंत आहेत, व पाद्री आणि नाताळ हे दोन तर आम्हां सर्व मराठी लोकांच्या तोंडीं बसले आहेत. जे शब्द लोकांनीं इतके पचविले ते पुराणांत उपरे कसे ठरतात ?

उलट, मार्सडेन प्रतींतील तत्सम शब्दांची गरज कोणास ? ज्याच्या कानीं इगर्जेंतले शब्द पडले नाहींत त्यास. फिर्गजीच्या बाहेरच्या वाचकास, संस्कृत जाणणार्‍या पंडितास, किंवा पोर्तुगीज अंमलाबाहेरील ख्रिस्ती समाजास ही पोथी सुबोध व्हावी म्हणून कोणा जाणत्या हातानें केलेलें हें संस्करण असावें, असें आमचें अनुमान आहे. गोव्याचे पंडित मारियानु साल्ढाणा यांनींही मार्सडेन प्रत ही मागाहूनचें संस्करण मानिली. आम्ही याच निष्कर्षास फिर्गजीच्या वाटेनें आलों. असें म्हटल्यानें त्या प्रतीचें महत्त्व घटत नाहीं. एकच पुराण दोन श्रोतृवर्गांसाठीं दोन वेषांत फिरलें, याची ती साक्ष आहे. आणि फिर्गजीबाहेर त्यास वाचक होते हें दाखविणारा दुसरा पुरावा इतक्या मोलाचा नाहीं.

५

ज्यांस हें अनुमान मान्य नसेल त्यांच्यासाठीं एक कसोटी सुचवितों. ओंवीस वृत्ताचें बंधन सैल आहे, म्हणून मात्रा मोजून कांहीं ठरत नाहीं. परंतु पहिल्या तीन चरणांच्या अंतीं यमक असतें. चरणाच्या मध्यें आलेला शब्द कोणासही बदलतां येतो; यमकाच्या जागचा बदलावयाचा तर सगळी ओंवी उकलून पुनः विणावी लागते. तेव्हां ज्या ओंव्यांत पोर्तुगीज शब्द यमकस्थानीं आहे त्या सर्व वेगळ्या काढाव्या, व मार्सडेन प्रतींतील त्याच ओंव्यांशीं ताडून पाहाव्या. जी ओंवी सरळ वाचते ती मूळची. जींत भरतीचे शब्द, ओढून आणिलेलें यमक किंवा शिथिल अन्वय आढळेल ती दुसर्‍या हाताची. ही कसोटी दोन्हीं पक्षांस सारखीच लागू आहे, व तिचा निर्णय आमच्याविरुद्ध गेला तर तोही मान्य केला पाहिजे.

दुसरी गोष्ट लिप्यंतराची. राशोलच्या रोमन लेखनांत मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं अक्षर दोनदां लिहीत. श व ष यांस एकच अक्षर. ह्रस्व-दीर्घाचा भेद बहुधा नाहीं. अंत्य अनुस्वारासाठीं मकार. ही पद्धति छापील पुस्तकांत नेटकी असली तरी दोनशें वर्षांच्या नकलकारांनीं ती सांभाळली नाहीं. दुहेरी अक्षर एकेरी झालें कीं णकाराचा नकार व टकाराचा तकार होतो, आणि शब्दाचा अर्थ जागच्या जागीं फिरतो. म्हणून रोमन पाठ नागरींत उतरणें हें नकलेचें काम नसून अर्थनिर्णयाचें काम आहे, आणि येथें मार्सडेन प्रतीचा खरा उपयोग आहे. शब्द कोणता, याविषयीं तिचा कौल आम्ही घेणार नाहीं; पण जेथें दोन्हीं परंपरांत शब्द एकच आहे तेथें त्याचें लेखन कसें, याविषयीं तिची साक्ष प्रथम घेऊं. दोन प्रतींस दोन निरनिराळीं कामें द्यावीं, एकीस दुसरीच्या डोक्यावर बसवूं नये, हें आमच्या विवेचनाचें सार.

गेल्या सत्तर वर्षांतील संपादनांकडे पाहतां काम पुष्कळ झालें आहे, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. शांताराम बंडेलू यांनीं १९५६ मध्यें पुण्याहून पहिली नागरी आवृत्ति काढली, तेव्हां कोठें महाराष्ट्रांतील सामान्य वाचकास हा ग्रंथ हातीं धरतां आला. १९९६ मध्यें मुंबईहून कारिदाद द्रागो यांची व २००९ मध्यें बंगलोरहून नेल्सन फाल्काव यांची आवृत्ति निघाली; फाल्काव यांनीं तर संपूर्ण ग्रंथाचा आजच्या मराठींत अर्थ दिला. या तिघांचे श्रम आदरणीय आहेत. तथापि एका पानावर दोन्हीं परंपरा समोरासमोर ठेवून, प्रत्येक ओंवीखालीं पाठभेद देऊन केलेली चिकित्सक आवृत्ति हीच या ग्रंथाची खरी गरज आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठासाठीं जी मेहनत आमच्या विद्वानांनीं घेतली तिचा चतुर्थांश जरी येथें खर्ची पडला तरी काम तडीस जाईल.

६

हा ग्रंथ एकटा नाहीं, हेंही शेवटीं सांगितलें पाहिजे. एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटानें सेंट पीटरवर पुराण रचलें, त्याचें मुद्रण १६२९ पासूनचें; आंतोनियु द साल्ढाणा या पाद्रीनें सांतु आंतोनीची जीवित्वकथा लिहिली. उत्तर कोंकणांत फ्रांसिश्कु व्हाज द गिमारांइश याचें १६५९ चें पुराण वसई-साष्टीच्या ख्रिस्ती लोकांत चालत राहिलें व १८४५ मध्यें मुंबईस पुनः छापलें गेलें. हे सर्व ग्रंथकार विगारी करणारे किंवा विगारांत वावरणारे होते. त्यांची मराठी पंडिती नाहीं, आणि हीच तिची किंमत. सतराव्या शतकांतील कोंकणपट्टींत मध्यम लोकांस कोणतें मराठी कळत असे, याचा इतका सविस्तर पुरावा आम्हांस दुसरीकडे क्वचितच मिळेल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. जुन्या ख्रिस्ती घरांतून वा चर्चांच्या कपाटांतून अशी एखादी रोमन लिपींतील पोथी हातीं आल्यास ती पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नये. ती उघडतांच प्रथम ती कोणत्या फिर्गजीची, कोणी उतरली, कोणत्या सणास कोठपर्यंत वाचली, याच्या समासांतल्या खुणा टिपून घ्याव्या. पानांवर मेणाचे डाग असतील तर तेही पुसूं नयेत. आजवर आम्ही या पोथ्यांच्या ओंव्या मोजल्या, पण वाचणार्‍याच्या खुणा मोजल्या नाहींत. ज्या दिवशीं फिर्गजीच्या इतिहासांत विगारांच्या नामावळीशेजारीं त्यांनीं वाचलेल्या पोथीचीही नोंद होईल, त्या दिवशीं ख्रिस्तपुराणाचा पाठही आपोआप स्थिर होऊं लागेल, असा आमचा विश्वास आहे.